मोडलेल्या हाताचे मोल

(स्मृती व्याख्यानमाला, पुष्प तिसरे : व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांना सगळा तालुका ‘वकीलसाहेब’ म्हणत असे. मीही आज तेच म्हणेन. त्यांच्या ऑफिसात मी सात वर्षे ज्युनियर होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एका कपाटासमोर उभे केले. आत मोटार अपघाताच्या दाव्यांच्या फायली होत्या. फायलीच्या पाठीवर दाव्याचा नंबर आणि पक्षकाराचे आडनाव सगळेच वकील लिहितात. साहेबांच्या फायलींवर निळ्या पेन्सिलीने एक शब्द जास्तीचा असे. सुतार. दूधवाला. शिलाईकाम. बारावीतली मुलगी. मी विचारले, हे कशासाठी? ते म्हणाले, “नंबर कोर्टासाठी. आपल्याला लक्षात ठेवायचंय ते हे. अपघातात गेलंय ते हेच.”

आजचे व्याख्यान मी त्या एका शब्दाभोवतीच रचले आहे.

अपघात टाळावेत कसे, यावर आपल्याकडे बोलले जाते आणि बोललेच पाहिजे. मला मात्र अपघात होऊन गेल्यानंतरच्या माणसाबद्दल बोलायचे आहे. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि ४ लाख ४३ हजारांहून अधिक जखमी झाली. गेलेल्यांची बातमी होते. वाचलेल्यांची नोंद ‘गंभीर जखमी’ या दोन शब्दांत संपते. त्या दोन शब्दांच्या पुढे जे सुरू होते ते वर्षानुवर्षे चालते: शस्त्रक्रिया, सळ्या, कर्ज, सुटलेले काम, शाळेतून काढलेले मूल. कायद्याने या माणसाला पुष्कळ दिले आहे. ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण कायदा कागदातून पाहतो, आणि ज्या दिवसांत कागद तयार व्हायला हवेत त्या दिवसांत हा माणूस बेशुद्ध असतो किंवा वेदनेत असतो. म्हणून त्याचे कागद सांभाळणे ही त्याच्या भोवतालच्या माणसांची, म्हणजे तुमची-माझी, जबाबदारी आहे. मला सांगायचे आहे ते एवढेच. बाकी सगळा त्याचा विस्तार आहे.

एका फायलीपासून सुरुवात करतो. पाठीवर शब्द आहे ‘सुतार’. पुणे-बंगळूर महामार्गावर खंबाटकी घाट उतरल्यावर एका मोटारीला कंटेनरने मागून ठोकरले. मोटार एका बांधकाम ठेकेदाराची होती आणि तोच चालवत होता. शेजारी त्याच्याकडे दारे-खिडक्यांचे काम करणारा बत्तीस वर्षांचा सुतार बसला होता. ठेकेदार खरचटण्यावर निभावला. सुताराचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत चुरला. गाडी टोचन लावून गॅरेजला गेली. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, त्याने फोटो काढले, अंदाजपत्रक पाहिले, आणि दोन महिन्यांच्या आत गाडी रंगासकट पूर्ववत होऊन दारात उभी राहिली. सुताराचा दावा सहा वर्षे चालला.

यात ठेकेदाराचा दोष नाही. गाडीचा क्लेम आणि माणसाचा दावा या मुळातच दोन निराळ्या गोष्टी आहेत. लोक ज्याला ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतात तो विमा आपल्या गाडीच्या नुकसानीचा. तो आपण आणि आपली कंपनी यांच्यातला करार. त्यात वाद झाला तर विमा लोकपाल आहे, ग्राहक आयोग आहे. ‘थर्ड पार्टी’ विमा हा आपल्या गाडीमुळे ज्याला इजा होईल त्या तिऱ्हाईतासाठी. तो कायद्याने सक्तीचा आहे, त्याचा हप्ता सरकार ठरवते, आणि मृत्यू किंवा शारीरिक इजा झाली तर कंपनीच्या देण्याला रकमेची कमाल मर्यादा नाही. हे पैसे मागायचे ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे. अनेक कुटुंबे आधी ग्राहक न्यायालयाच्या पायऱ्या झिजवतात आणि वेळ घालवतात, म्हणून हे इतक्या स्पष्टपणे सांगतो आहे.

हे न्यायाधिकरण आकाशातून पडलेले नाही. १८५५ च्या जुन्या कायद्याने मृताच्या वारसांना दिवाणी दावा लावता येत असे, पण तो लढवण्याइतका पैसा आणि आयुष्य कोणाकडे होते? १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाईताचा विमा आणला आणि १९५६ च्या दुरुस्तीने स्वतंत्र न्यायाधिकरणांची वाट उघडली. तरी न्याय मंदच होता. डिसेंबर १९६० मध्ये नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एक मोटार झाडावर आदळली आणि आतला प्रवासी दगावला. त्याच्या कुटुंबाला न्यायाधिकरणाने भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती नाकारली, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मान्य केली ती मार्च १९७७ मध्ये. सोळा वर्षे उलटली होती. त्या निकालाने जे तत्त्व पक्के केले त्याचा फायदा आजही रोज होतो. रस्त्यावरची गाडी रस्ता सोडून झाडावर जाते, तेव्हा ती परिस्थितीच हलगर्जीपणा सांगते. तसे नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी मग गाडीवाल्यावर येते. १९७९ मध्ये हरियाणातल्या अपघातग्रस्त गरीब कुटुंबाकडून कोर्ट फी वसूल करण्यासाठी सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडत गेले, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या सरकारला खडे बोल सुनावले. गरिबाला पैशाअभावी न्यायाच्या दारातून परत पाठवता येणार नाही, हा त्याचा आशय.

आता कागदाकडे येतो.

पहिला कागद दवाखान्यात तयार होतो. अपघाताचा रुग्ण दाखल झाला की डॉक्टर विचारतात, काय झाले? नातेवाईक जे सांगतील ते केसपेपरवर उतरते. इथेच निम्मे दावे बिघडलेले मी पाहिले आहेत. ज्याची गाडी धडकली तो माणूस अनेकदा सोबत दवाखान्यात आलेला असतो. तो हात जोडतो: “दादा, केस करू नका, सगळा खर्च मी करतो.” नातेवाईक भांबावलेले असतात, समोरचा माणूस भला दिसतो, म्हणून ते डॉक्टरांना सांगतात, “गाडी स्लिप झाली.” तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेचा आकडा कळतो आणि त्या भल्या माणसाचा फोन बंद होतो. मग पोलीस ठाणे, मग जबाब, आणि दोन वर्षांनी उलटतपासणीत कंपनीचे वकील तो केसपेपर पुढे करतात: “तुम्हीच लिहून दिलंय ना, गाडी स्लिप झाली म्हणून?” फिर्याद उशिरा दिली म्हणून दावा आपोआप बाद होत नाही, आधी जीव वाचवणे हेच माणसाचे स्वाभाविक वागणे, असे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. पण पहिल्या कागदावरचे खोटे वाक्य पुसता पुसत नाही. म्हणून दवाखान्यात जे घडले तेच सांगा, आणि धडकणाऱ्या गाडीचा नंबर तिथेच लिहून घ्यायला लावा.

पैशांअभावी उपचार थांबू नयेत यासाठी आता सोय आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांसाठी रोखरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. कोणत्याही रस्त्यावरच्या मोटार अपघातातील जखमीवर नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार व्हावेत, अशी ती योजना आहे. ११२ वर फोन करा, १०८ ची रुग्णवाहिका मागवा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ लक्षात ठेवा. आणि जखमीला उचलणाऱ्याने घाबरू नये. मदत करणाऱ्याला साक्षीसाठी किंवा नाव सांगण्यासाठी सक्ती करता येत नाही, असे संरक्षण सध्याच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने दिले आहे.

दुसरा कागद पोलिसांचा. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, गाड्यांची तपासणी. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी यात फार मोठा बदल केला आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा, ५० दिवसांत अंतरिम अहवाल, आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल. जखमीला त्याचे हक्क सांगणारा छापील नमुना पोलिसांनीच द्यायचा. सविस्तर अहवाल हाच दाव्याचा अर्ज म्हणून न्यायाधिकरण दाखल करून घेऊ शकते. कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने त्यानंतर ३० दिवसांत आपली देकार-रक्कम सांगायची. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नियम देशभर अमलात आणण्याचे आदेश दिले. म्हणजे कायद्याच्या मनात असलेले चित्र असे आहे की जखमीने कोर्ट शोधत यायचे नाही, कोर्टानेच त्याच्यापर्यंत जायचे. आपल्या पोलीस ठाण्यात जाऊन नम्रपणे पण ठामपणे विचारा: साहेब, पहिला अहवाल गेला का? सविस्तर अहवाल कधी जाणार? हा प्रश्न विचारणारा माणूस मागे असला की फाइल हलते.

मुदतीबद्दल सावध राहा. १९९४ च्या दुरुस्तीने दाव्यावरची मुदत काढून टाकली होती. एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत परत आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण आपण सहा महिने हीच लक्ष्मणरेषा मानून चालावे. दावा अपघात झाला तिथेच लावावा लागतो हाही गैरसमज आहे. जखमी जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही तो लावता येतो. समृद्धी महामार्गावर बुलढाण्याजवळ अपघात झालेल्या नाशिकच्या माणसाने तारखेसाठी दर वेळी बुलढाण्याला जाण्याची गरज नाही.

तिसरा कागद सर्वांत अवघड. तो माणसाच्या कामाचा असतो.

सुताराच्या फायलीवर परत येतो. सिव्हिल हॉस्पिटलच्या मंडळाने त्याला दाखला दिला: कायमचे अपंगत्व ४२ टक्के. विमा कंपनीचे म्हणणे सरळ होते: ४२ टक्के अपंगत्व, म्हणून कमाईचे ४२ टक्के नुकसान. ऐकायला हे गणित बरोबर वाटते. पण सुताराची मूठ वळत नव्हती. रंधा धरता येत नव्हता, पटाशीवर ठोका मारता येत नव्हता. शंभरातले अठ्ठावन्न टक्के हात शिल्लक आहे, म्हणून शंभरातली अठ्ठावन्न टक्के दारे तो बनवू शकेल का? २०१० मध्ये ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच विचारात घेतले. शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या नुकसानीची टक्केवारी एक नव्हे. तोच हात गेला तर कारकुनाची नोकरी टिकू शकते, आणि चालकाची किंवा सुताराची रोजीरोटी जवळजवळ पूर्ण जाते. आधी माणूस काय करत होता ते पाहा, मग आता त्यातले काय करू शकतो ते पाहा. साहेबांच्या निळ्या पेन्सिलीतली गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने कायदा म्हणून सांगितली होती.

हे किती मोठे आहे ते आकड्यांत मांडतो. समजायला सोपे जावे म्हणून रकमा मी गोल धरतो. भरपाईची रीत २००९ चा ‘सरला वर्मा’ निकाल आणि ३१ ऑक्टोबर २०१७ चा ‘प्रणय सेठी’ निकाल यांनी बसवून दिली आहे. वर्षाची कमाई घ्यायची. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाला पुढच्या वाढीपोटी तिच्यात ४० टक्के मिळवायचे. आणि वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. पंचविशीपर्यंत गुणक १८, मग वय वाढेल तसा तो उतरत जातो. ३१ ते ३५ या वयाला १६.

बत्तीस वर्षांच्या सुताराची कमाई महिना १५,००० रुपये सिद्ध झाली आणि कमाईचे नुकसान ८० टक्के मानले गेले असे समजा. वर्षाचे १ लाख ८० हजार, वाढीसह २ लाख ५२ हजार, त्याला १६ ने गुणले की ४० लाख ३२ हजार, आणि त्याचे ८० टक्के म्हणजे ३२ लाख २५ हजार ६०० रुपये. आता समजा, कमाईचा पुरावा नाही म्हणून न्यायाधिकरणाने अंदाजाने महिना ८,००० धरले, आणि कामाबद्दल कोणी नीट साक्ष दिली नाही म्हणून नुकसान दाखल्यावरचे ४२ टक्केच मानले. तेच गणित करा. हाती येतात ९ लाख ३ हजार १६८ रुपये. माणूस तोच, अपघात तोच, हातही तोच. फरक दोन पुराव्यांचा, आणि तो तेवीस लाखांहून मोठा.

आपल्याकडे कमाईचा पुरावा कुठे असतो? सुतार, गवंडी, भाजीवाली, रिक्षावाला, कोणाकडे पगारपत्रक नाही. साहेब सांगत, पुरावा नसतो असे नाही, तो शोधायचा असतो. लाकडाच्या वखारीतली उधारीची वही. ठेकेदाराचा हजेरीपट. दूध संकलन केंद्राचे पासबुक. साखर कारखान्याची उसाची पावती. बचत गटाचे रजिस्टर. फोनवर येणारे पैशांचे संदेश. सुताराच्या दाव्यात साहेबांनी त्याने बनवलेल्या एका दाराचे फोटो दाखल केले आणि ते दार ज्याच्या घराला होते त्या घरमालकाला साक्षीला आणले. सर्जनला तर आणलेच. दाखल्यावर टक्केवारी असते. हा हात पुन्हा रंधा धरेल का, या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांनी पिंजऱ्यात उभे राहूनच द्यावे लागते.

कमाईपलीकडचेही पुष्कळ मागता येते आणि मागितले जात नाही. वेदना, झालेला आणि पुढे होणारा उपचार, दवाखान्याचे हेलपाटे, सकस आहार, शुश्रूषेला माणूस, तरुण असेल तर लग्नाची हुकलेली शक्यता, जगण्यातला गेलेला आनंद. आई सहा महिने लेकाजवळ बसून असते तेव्हा तिच्या शुश्रूषेलाही मोल आहे. २०२० मध्ये एका लहान मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या आयुष्यभराच्या शुश्रूषेचा खर्च गुणकाच्या पद्धतीने मोजून दिला. जानेवारी २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने गृहिणीच्या कामाला पैशांत मोल देणे हा तिच्या श्रमाचा सन्मान आहे, अशी भूमिका घेतली. कोर्टात बाईला विचारतात, “काय करता?” ती म्हणते, “काही नाही, घरीच असते.” वकीलसाहेब तिला आधीच बसवून घेत आणि म्हणत, “ताई, सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंतचं सगळं सांगा.” पाणी, जनावरे, स्वयंपाक, शाळेचे डबे, सासूची औषधे, शेतावरची खुरपणी. मी लिहून घेत असे. दोन-दोन पाने भरत.

आता काही धोके सांगतो, कारण ते सांगितले नाहीत तर हे व्याख्यान अर्धे राहील.

पहिला धोका म्हणजे चटकन मिळणारी रक्कम. कोणाची चूक हे सिद्ध न करता कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख रुपये मिळतात. ज्याला दुसरा आधार नाही त्याच्यासाठी ही तरतूद मोलाची आहे. पण ती रक्कम एकदा स्वीकारली की कलम १६६ खालचा पूर्ण भरपाईचा दावा संपतो. पंचवीस-तीस लाखांचा हक्क असलेल्या माणसाने घाईने अडीच लाखांवर सही करू नये. सहीच्या आधी हिशेब करून घ्यावा.

दुसरा धोका विम्यातल्या फटींचा. दुसरी गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये मिळण्याची योजना आहे. लोकांना ती माहीत नसते, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनाच जखमीला किंवा वारसांना तिची लेखी माहिती देण्यास सांगितले. गाडीचा चालक विनापरवाना निघाला तरी जखमीने हताश होऊ नये. कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. २००४ च्या ‘स्वर्णसिंग’ निकालाने ही वाट मोकळी केली.

मात्र एक फट भयंकर आहे आणि ती आपल्या गावांत दर लग्नसराईत उघडी असते. टेम्पोत वऱ्हाड भरतात. मालवाहू गाडीत मालासोबत असलेल्या मालकाला किंवा त्याच्या माणसाला संरक्षण आहे. नुसत्या बसवून नेलेल्या वऱ्हाडाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये स्पष्ट केले. मग भरपाईचा बोजा टेम्पोमालकावर येतो, आणि एका टेम्पोच्या मालकाकडून वीस जखमींची भरपाई कोण वसूल करणार? ट्रॉलीत बसून कारखान्याला निघालेल्या ऊसतोड मजुरांचीही हीच ओढाताण होते. खासगी मोटारीचेही लक्षात घ्या: नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर त्या गाडीत बसलेल्या आपल्याच माणसांना त्यातून सहसा काही मिळत नाही, दोन्ही विमे एकत्र असलेली पॅकेज पॉलिसी असेल तर मिळते. काही हजार वाचवताना आपण बायकामुलांचे छत्र काढून घेत असतो.

तिसरा धोका आमच्या व्यवसायातला आहे, आणि साहेबांच्या स्मृतीसमोर तो मी लपवणार नाही. अपघात विभागाच्या बाहेर काही माणसे फिरत असतात. “एक रुपया देऊ नका, मिळाले तर टक्केवारी द्या.” जखमीच्या घरच्यांना हे देवदूत वाटतात. अमेरिकेत निकालावर ठरणारी फी चालते. आपल्याकडे वकिलाने भरपाईत हिस्सा ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांना मान्य नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५४ इतक्या पूर्वीच ते गैरवर्तन ठरवले आहे. त्यामागे कारण आहे. ज्या रकमेवर माणसाने पुढची तीस वर्षे काढायची, तिचा वाटेकरी त्याचा रक्षक होऊ नये. पण नियम सांगून भागत नाही. गरीब माणूस टक्केवारीला हो म्हणतो, कारण त्याच्याजवळ आधी द्यायला काही नसते. त्याला दुसरा दरवाजा दाखवायला हवा, आणि तो दरवाजा आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना, शिवाय कमी उत्पन्नाच्या कोणालाही, मोफत वकील मिळतो. अपघाताने अपंगत्व आलेला माणूसही त्यात बसतो. १५१०० हा त्यांचा फोन नंबर आहे. आज घरी गेल्यावर तो भिंतीवर लिहा.

लोकअदालतीबद्दल मला दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. तिथे एका दिवसात तडजोड होते, पैसे लवकर मिळतात, वर्षांचा त्रास वाचतो. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून लोकअदालतीला जाताना आपला आकडा कागदावर मांडून न्या. सुताराला पहिल्या लोकअदालतीत जी रक्कम देऊ केली होती तिच्या कितीतरी पट त्याला शेवटी मिळाली. मात्र तेवढा काळ त्याच्या बायकोने दुसऱ्यांच्या शेतात खुरपणी केली, हेही मी विसरू शकत नाही. त्याला थांबायला सांगणाऱ्यांत मी होतो. आजही कोणाला थांबा म्हणताना जीभ अडखळते. नागपूरहून निघालेली गाडी समृद्धी महामार्गाने आता आठ तासांत मुंबईजवळ पोहोचते. रस्त्यांसाठी जी घाई आपण दाखवली ती जखमींसाठी दाखवली असती, तर हा पेच कोणासमोर आलाच नसता. तपासाच्या मुदती पाळा, न्यायाधिकरणांना पुरेसे न्यायाधीश द्या, ही मागणी रस्त्याच्या मागणीइतक्याच जोराने झाली पाहिजे.

आणि निकाल लागला म्हणजे संपले असेही नाही. न्यायाधिकरणांत जमा झालेले कोट्यवधी रुपये न उचलता पडून आहेत, हे लक्षात आल्यावर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन एप्रिल २०२५ मध्ये दावेदारांचा शोध घेण्याचे निर्देश दिले. पत्ता बदललेला, वकिलाशी संपर्क तुटलेला, खाते नंबर दिलेला नाही. शेवटचा कागदही कोणीतरी सांभाळावाच लागतो.

तो ‘कोणीतरी’ शोधण्यासाठीच मी आज उभा आहे. आपल्या प्रत्येक गावात सर्पदंश झाला तर कोणाला बोलवायचे हे ठाऊक असते, विहिरीत माणूस पडला तर कोण उतरणार हे ठाऊक असते. तसाच अपघातानंतर कागद धरणारा एक माणूस प्रत्येक गावात असावा. निवृत्त शिक्षक असेल, ग्रंथपाल असेल, आशा सेविका असेल. त्याने वकील व्हायचे नाही. दवाखान्यात खरे सांगितले गेले का, पोलिसांचा पहिला अहवाल गेला का, बिले एका पिशवीत आहेत का, सहा महिने कधी भरतात, आणि विधी सेवा प्राधिकरणात कोणी गेले का, एवढे त्याने पाहायचे. या सभागृहात दीडशे माणसे आहेत. दीडशे गावे धरली गेली तर या व्याख्यानमालेला नाव देणाऱ्या माणसाला ते आवडेल.

साहेब गेल्यानंतर ते कपाट माझ्याकडे आले. मीही निळी पेन्सिल घेतली. नवा पक्षकार समोर बसला की तो लगेच अपघात सांगू लागतो: कुठून आलो, कुठे वळलो, कंटेनर कसा आला. मी ऐकतो. मग साहेबांनी शिकवलेला प्रश्न विचारतो. गेल्या महिन्यात एक मुलगा आला होता, पाय गुडघ्याखाली नव्हता, वडील सोबत. मी विचारले, “बाळा, तू काय काम करायचास?” अपघातापासून त्याला हे कोणी विचारलेच नव्हते. तो थोडा सरळ बसला आणि सांगू लागला.

तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत असा कोणी असेल, तर उद्या त्याच्याकडे जा. हाच प्रश्न विचारा, आणि तो जे सांगेल ते लिहून घ्या.